छायाचित्राची कोरी पाठ

जुन्या लष्करी विमानांची छायाचित्रे जमविणे हा काही जणांचा आवडता छंद असतो. इंग्लंड-अमेरिकेत अशा विमानांची मोठमोठी हवाई प्रदर्शने भरतात. दुसऱ्या महायुद्धातील विमाने दुरुस्त करून, नव्याने रंगवून आकाशात उडविली जातात आणि हजारो माणसे माना वर करून ती पाहतात. आपल्याकडेही वायुसेना दिनाला किंवा बंगळूरजवळच्या येलहंका येथील प्रदर्शनाला गेलेली मंडळी हौसेने छायाचित्रे काढून आणतात. पुढे केव्हातरी ती कपाटातून बाहेर निघतात, हातोहात फिरतात, “वा, काय देखणे विमान!” असे उद्गार निघतात, आणि ती पुन्हा कपाटात जातात. या छंदाविषयी माझी एक तक्रारवजा सूचना आहे. छायाचित्रे दाखवा, अवश्य दाखवा. पण त्यांची पाठ कोरी ठेवून दाखवू नका.

कारण प्रदर्शनातले विमान हे नाटकातल्या नटासारखे असते. ते रंग लावून, वेष चढवून आलेले असते. दिसते तसे नसते ही म्हण येथे अक्षरशः खरी आहे.

अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनच्या बी-२४ लिबरेटर या बॉम्बफेकी विमानाचेच उदाहरण घ्या. १९८९ साली ते पुन्हा उडाले तेव्हा त्याच्या अंगावर ‘ऑल अमेरिकन’ हे नाव होते. पुढे ते ‘ड्रॅगन अँड हिज टेल’ झाले आणि २००५ साली ‘विचक्राफ्ट’ झाले. ही तिन्ही नावे महायुद्धात लढलेल्या दुसऱ्याच विमानांची, त्यांच्या स्मरणार्थ दिलेली. मग या विमानाचा स्वतःचा इतिहास कोणता? ते १९४४ साली टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे तयार झाले आणि ब्रिटिश वायुदलाकडे गेले. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी आपली लिबरेटर विमाने कानपूरला मोडीत काढून टाकून दिली. त्या भंगारातून हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी चाळीसच्या आसपास विमाने उभी केली आणि ती भारतीय वायुसेनेत १९६८ पर्यंत सेवेत होती. त्यांतलेच हे एक. १९८१ साली ते इंग्लंडला गेले, १९८४ साली कॉलिंग्ज फाउंडेशनने विकत घेतले. म्हणजे ज्याच्या अंगावर ‘ऑल अमेरिकन’ लिहिले, त्याच्या आयुष्याची वीस वर्षे अखिल भारतीय होती! आपल्या कारागिरांनी भंगारातून त्याला उठविले नसते, तर रंगविण्यापुरता पत्राही उरला नसता. पण केवळ छायाचित्र पाहणाऱ्याला हे कसे कळावे?

कोणी म्हणेल, ही परक्यांची खोड झाली. तसे नाही. आपल्या वायुसेनेच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात २०१८ साली ‘परशुराम’ नावाचे डाकोटा विमान सामील झाले. त्याच्यावर व्हीपी ९०५ हा क्रमांक रंगविला आहे. हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैनिक उतरविणाऱ्या डाकोटाचा. आज दिसणारे विमान मात्र ब्रिटिश वायुदलात राहून आलेले, इंग्लंडमध्ये दुरुस्त केलेले वेगळेच डाकोटा आहे. यात फसवणूक नाही. आपण वाडवडिलांचे नाव नातवाला ठेवतो, तसेच हे. पण नातवाचे छायाचित्र आजोबांचे म्हणून खपू लागले तर पंचाईत होईल. आज खिशातल्या फोनवरून एक चित्र घटकेत शंभर घरी पोचते. त्याच्याबरोबर चूकही तितक्याच घरी पोचते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे नवे वाटू नये. वि. का. राजवाडे जुनी दप्तरे धुंडीत गावोगाव फिरले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करू लागले. ज्या पत्रावर मिती नाही, स्थळ नाही, त्याचा काळ ठरविताना अभ्यासकाला किती डोकेफोड करावी लागते, हे आपले प्राध्यापक सांगतातच. मग ज्याची मिती आपल्या डोळ्यांदेखत आहे, त्या चित्रावर ती लिहिण्याचा आळस का?

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. ही विमाने माणसे मारण्यासाठी बांधली होती. त्यांचे एवढे कौतुक कशाला? माझे म्हणणे असे की, नुसते देखणे चित्रच हा विसर पाडते. त्याच्या पाठीवर विमानाने काय केले, कोठून काय टाकले, त्यात कोण बसत असे, एवढे लिहिले की कौतुकाला आपोआप लगाम बसतो. माहिती ही युद्धखोर नसते; अज्ञान मात्र पुष्कळदा असते.

शिवाय ही विमाने आता म्हातारी झाली आहेत. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी डॅलसच्या प्रदर्शनात महायुद्धकालीन दोन विमानांची हवेतच टक्कर झाली आणि सहा माणसे प्राणास मुकली. गेलेल्या जिवांची भरपाई कशानेच होत नाही. ती दोन्ही विमानेही आता पाहावयाची तर छायाचित्रांतच.

आता आपल्या अंगणाकडे वळू. आमच्या नाशिक जिल्ह्यात ओझर येथे १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे आणि तेथे मिग-२१ विमाने तयार झाली. १९६३ साली वायुसेनेत आलेल्या या विमानाला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निरोप देण्यात आला. युद्धात त्याने पराक्रम केला, आणि त्याच्या अपघातांत कितीतरी तरुण वैमानिक गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या. आपल्याकडे विमानतळावर छायाचित्र घेण्यावर १९३७ च्या विमान नियमांनीच बंधन घातले होते. त्यामुळे जनतेला खुल्या असलेल्या प्रदर्शनांत जी थोडी छायाचित्रे निघाली, त्यांचे मोल अधिक. ओझरला ज्यांनी हाताने रिव्हेट ठोकले ते कामगार आता सत्तरी-ऐंशीत आहेत. माझ्या शेजारच्या आजोबांनी एका धूसर छायाचित्रावर बोट ठेवून विमानाचा कोणता भाग त्यांच्या विभागात होत असे, ते मला अर्धा तास सांगितले. त्या छायाचित्राच्या पाठीवर तोवर एक अक्षर नव्हते. ते मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले.

आपल्या महाविद्यालयात पुष्कळजण ओझर आणि आसपासच्या घरांतून येतात. येत्या वर्षी आपल्या घरातील अशा छायाचित्रांचा एक फलक ग्रंथालयाबाहेर लागावा असे मला वाटते. अट एकच असावी: प्रत्येक चित्राखाली स्थळ, तारीख, विमानाच्या शेपटीवरचा क्रमांक, छायाचित्र घेणाऱ्याचे नाव आणि सांगणाऱ्याच्या चार ओळी. तारीख आठवत नसेल तर निदान साल. मूळ चित्र घरीच राहू द्यावे, प्रत लावावी. आणि लिहावयाचे ते मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, नाहीतर शाई पुढच्या बाजूला उतरते. सांगणारी माणसे घरात आहेत तोवर हे काम एका सुटीचे आहे.