शिधा फडापर्यंत यावा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि बीडकडचे ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रातल्या कोप्यांतच (पाचटाच्या झोपड्यांतच) अडकले. आठवडी बाजार बंद, आगाऊ घेतलेली उचल केव्हाच खर्चलेली. ठिकठिकाणच्या गावकऱ्यांनी, संस्थांनी पीठ, डाळ, तेल जमवून दिले; परतीची सरकारी परवानगी यायला १७ एप्रिल उजाडला.

त्या माणुसकीला दाद द्यावीच. पण दानाचे पीठ पुरते किती दिवस? हंगाम चार-पाच महिन्यांचा.

‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे धान्य कुठल्याही रेशन दुकानात मिळते, कागदावर तरी. प्रत्यक्षात दुकान गावात, कोपी उसाच्या फडाशेजारी आणि खाडा केला की दंड! साखर कारखान्यांनी गाळपाच्या काळात रेशन दुकानदारालाच तळावर आणावे. दात्यांनीही पिठाबरोबर ही मागणी रेटावी.