लसीनंतरचा ताप आणि अपडेटनंतरचा पंखा

रात्री अपडेट झाले आणि सकाळपासून लॅपटॉप तव्यासारखा तापतो, पंखा गिरणीसारखा घरघरतो, ही तक्रार आता शाळा-कॉलेजापासून ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत सगळीकडे ऐकू येते. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो : ‘अपडेट कायमचे बंद करून टाका, कटकट मिटेल.’ सल्ला सोपा आहे, पण माझ्या मते तो चुकीचा आहे आणि काही ठिकाणी धोकादायकही आहे. आरोग्याच्या सदरात हा विषय घेण्याची कारणे दोन. एक, ही उष्णता आपल्या अंगाला लागते. दुसरे, आज आपले केसपेपर, क्षयरुग्णांच्या नोंदी, लसीकरणाची माहिती याच यंत्रांवर असते. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलतो तोही अशाच एखाद्या पडद्यासमोर बसून.

बाळाला दीड महिन्याची लस दिली की त्या रात्री अंग गरम होते. आई घाबरते, आजी म्हणते, ‘पुढची सुई नको.’ आम्ही समजावतो की हा ताप म्हणजे शरीर काम करत असल्याची खूण आहे, एक-दोन दिवसांत उतरेल. मात्र तिसऱ्या दिवशीही उतरला नाही, बाळ दूध पीत नसेल, मलूल पडले असेल, तर लगेच दाखवा. ताप हे लक्षण आहे. अपडेटनंतरच्या पंख्यालाही नेमका हाच नियम लागू पडतो.

मोठे अपडेट बसले की यंत्राचे काम संपत नाही, सुरू होते. विंडोज सगळ्या फायलींची शोधसूची नव्याने तयार करते, विषाणूरोधक प्रणाली डिस्क तपासते, नवे ड्रायव्हर उतरवले जातात, क्लाउडवरच्या फायली जुळवल्या जातात. मॅकवरही शोधसूची आणि फोटोंची छाननी असेच तास-दोन तास, कधी दिवसभर चालते. चिप जितके काम करते तितकी उष्णता निर्माण होते. ती तांब्याच्या नळीवाटे बारीक पात्यांपर्यंत जाते आणि पंखा तिथून हवा फिरवून ती बाहेर टाकतो. एवढे करूनही चिप १०० अंशांच्या आसपास पोचली, तर ती स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवते. म्हणून तापलेला लॅपटॉप संथही होतो.

तेव्हा पहिला उपाय म्हणजे धीर धरणे. लॅपटॉप चार्जरला लावून, कडक टेबलावर, झाकण उघडे ठेवून काही तास चालू राहू द्या. मग ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करा. विंडोजमध्ये नेहमीच्या शट डाउननंतर प्रणालीचा काही भाग जपून ठेवून तोच पुन्हा उघडला जातो. रीस्टार्टने मात्र सारे नव्याने सुरू होते. बहुतेकांचा पंखा एक-दोन दिवसांत शांत होतो.

त्यानंतरही घरघर राहिली तर तपासणी करावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात ‘सीपीयू’ या रकान्यावर टिचकी मारली की कोण किती काम करतो ते उतरत्या क्रमाने दिसते. काही न करता यंत्र पडून असताना एखादाच प्रोग्रॅम निम्मी शक्ती खात असेल, तर दुखणे तिथे आहे. तो बंद करा, त्याची नवी आवृत्ती घ्या किंवा काढून टाका. ब्राउझरच्या वीस-पंचवीस टॅब उघड्या असतील तर आधी त्या मिटवा. दोन-दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. पॉवर सेटिंग ‘सर्वोत्तम कामगिरी’वर गेले असेल तर ‘संतुलित’वर आणा. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि बायोस अद्ययावत करा. पंखा कधी फिरायचा हे बऱ्याचदा बायोसच ठरवते. एवढ्याने भागले नाही, तर विंडोजच्या मोठ्या आवृत्तीबदलानंतर साधारण दहा दिवस मागे फिरण्याची सोय असते. ती वापरण्यात कमीपणा नाही, पण आधी फायलींची दुसरी प्रत काढून ठेवा.

आता आपल्या जिल्ह्यापुरते. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या रांगेवर, त्यामुळे वरची हवा जरा बरी. घाट उतरून मलकापूर, शेगाव, खामगावकडे पूर्णेच्या खोऱ्यात आलो की मे महिन्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालावेत अशा बेताने बनवलेले असतात. हिशेब साधा आहे. ९५ अंश तापलेली चिप २२ अंशांच्या खोलीत असेल तर फरक ७३ अंशांचा. ४४ अंशांच्या खोलीत तो ५१ उरतो. उष्णता बाहेर जाण्याचा वेग या फरकावर अवलंबून असतो. म्हणजे तोच पंखा, तेच काम, पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद जवळपास तीस टक्क्यांनी कमी. त्यात कापसाचे तंतू, मळणीची धूळ, रस्त्याची माती त्या बारीक पात्यांत जाऊन बसलेली. असे यंत्र एरवी कसेबसे निभावत असते; अपडेटचा भार पडला की ते उघडे पडते. दोष अपडेटच्या माथी बसतो, दुखणे मात्र जुनेच असते.

म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर, साधारण फेब्रुवारीत, लॅपटॉप एकदा जाणत्या माणसाकडून उघडून साफ करून घ्यावा. तीन-चार वर्षे जुना असेल तर चिपवरची उष्णतावाहक पेस्टही बदलून घ्यावी. उघड्या जाळीतून जोराने हवा मारून पंखा भिरभिरवू नये, त्याने पंख्याचे नुकसान होऊ शकते. मोठे अपडेट भर दुपारी न करता पहाटे करावे. वाळ्याच्या कूलरसमोर अगदी जवळ लॅपटॉप ठेवू नये, कारण त्या हवेत ओलावा आणि पाण्याचे तुषार असतात. लवकर थंड व्हावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवणे तर नकोच. आत दव धरते.

आता अंगाला लागणाऱ्या उष्णतेविषयी. पंख्याच्या आवाजाने कान खराब होत नाहीत. आठ-आठ तास ८५ डेसिबलच्या आसपासचा आवाज कानाला अपाय करतो. लॅपटॉपचा पंखा त्याच्या बराच खाली असतो. उष्णतेचे मात्र तसे नाही. चुलीपुढे किंवा शेगडीजवळ वर्षानुवर्षे बसणाऱ्या बायांच्या पायांवर जाळीसारखे तपकिरी डाग दिसत. चटका बसण्याइतकी नसलेली, ४३ ते ४७ अंशांची उष्णता पुन्हापुन्हा लागल्याने ते उमटतात. तेच डाग आता मांडीवर लॅपटॉप घेणाऱ्यांत दिसू लागले आहेत. स्वित्झर्लंडमधल्या बारा वर्षांच्या एका मुलाच्या डाव्या मांडीवर असा डाग पडल्याची नोंद २०१० साली ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आली. तो रोज काही तास मांडीवर लॅपटॉप ठेवून खेळत असे. सवय मोडली की डाग बहुधा फिके होतात. ज्यांना मधुमेहाने बधिरपणा आला आहे, त्यांनी अधिक जपावे. त्यांना चटका बसलेला कळतच नाही.

तरुणांसाठी आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या संशोधकांनी २९ निरोगी तरुणांना तासभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसवले, तेव्हा अंडकोशाचे तापमान सरासरी अडीच अंशांहून अधिक वाढले. नुसते मांड्या जुळवून बसल्यानेही ते सुमारे दोन अंशांनी वाढले होते. यावरून वंध्यत्व येते असे सिद्ध झालेले नाही, पण शुक्राणू तयार व्हायला ती जागा शरीरापेक्षा थंड असावी लागते हे पक्के आहे. लॅपटॉप टेबलावरच ठेवा. गोधडीवर किंवा गादीवर ठेवला तर हवेच्या जाळ्या बुजतात आणि यंत्र आणि माणूस दोघेही भाजतात.

एक लक्षण मात्र थांबू देणारे नाही. लॅपटॉपचा तळ फुगला, टचपॅड वर उचलला गेला, गोडसर रासायनिक वास आला, तर बॅटरी फुगली आहे असे समजा. लगेच बंद करा, चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका, थेट दुरुस्तीला न्या. ‘थांबून पाहू’ हा सल्ला इथे लागू नाही.

आता मूळ मुद्दा. ‘अपडेट बंद करा’ म्हणजे तापाच्या भीतीने पुढची लसच टाळणे. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधले एक मोठे भोक बुजवणारे अपडेट दिले. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू त्याच भोकातून जगभर शिरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत सुमारे १९ हजार रुग्णांच्या भेटी रद्द झाल्याचा तिथल्या लेखापरीक्षकांचा अंदाज आहे. तिथल्या बाधित यंत्रांपैकी बहुतेकांवर ते अपडेट बसवलेले नव्हते. त्याच वर्षी जूनअखेर ‘नॉटपेट्या’ आला. त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक तेच भोक होते, आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम त्याने ठप्प केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर वेगळा सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या नामांकित रुग्णालयाला पुन्हा कागद-पेन हाती घ्यावे लागले. रुग्णाचा जुना अहवाल न दिसणे म्हणजे काय, हे ओपीडीत बसणाऱ्याला विचारा.

अपडेटही चुकतात, हे खरे आहे. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली होती. म्हणून आंधळेपणाने सगळीकडे एकदम अपडेट टाकू नये. विंडोजमध्ये ते काही आठवडे पुढे ढकलता येते. कार्यालयात आधी एका यंत्रावर घ्यावे, चार दिवस पाहावे, मग बाकीच्यांवर. पुढे ढकलणे वेगळे आणि कायमचे बंद करणे वेगळे. आजारी बाळाची लस आठवडाभर पुढे नेतो, रद्द करत नाही.

खरी अडचण जुन्या यंत्रांची आहे. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. मग चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर पळवाट काढून ते बसवले जाते आणि पंखा दिवसभर थांबत नाही. अशा यंत्राला रॅम आणि एसएसडीची जोड देऊन पाहावी, मुदतवाढीची अपडेट घ्यावीत किंवा हलकी लिनक्स प्रणाली बसवावी. तेही जमत नसेल तर ते इंटरनेटपासून दूर ठेवावे.

उपकेंद्रांना, शाळांना, ग्रामपंचायतींना यंत्रे देणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. खरेदीच्या कागदावर रॅम आणि किंमत लिहिली जाते. खोलीतले मे महिन्याचे तापमान, वर्षातून एकदा सफाई आणि अपडेटची जबाबदारी कोणाची, हे लिहिले जात नाही. लसीच्या शीतपेटीतले तापमान आपण रोज दोनदा नोंदवतो, कारण त्यावर लेकरांचा जीव अवलंबून असतो. ज्या यंत्रात त्याच लेकरांची नोंद आहे, त्याची वर्षातून एकदा धूळ झटकायला कोणीतरी नेमलेले असावे, एवढी अपेक्षा फार नाही.