वैद्य, डॉक्टर आणि दारावरची पाटी

आयुर्वेदीय पदवीधरांनीं आपल्या नांवामागें ‘डॉक्टर’ हें पद लावावें कीं लावूं नये, हा वाद आपल्याकडे अधूनमधून उसळतो, आणि दोन्ही पक्ष एकमेकांस दूषणें देऊन थकले म्हणजे तो आपोआप शमतो. या वादांत ज्याच्या जिवाचा प्रश्न, त्या रोग्यास मात्र कोणी साक्षीसही बोलावीत नाहीं. आज त्याच्या बाजूनें चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. ‘डॉक्टर’ हा लॅटिन भाषेंतला शब्द, शिकविणें या अर्थाच्या धातूपासून निघालेला; म्हणजे आपल्या ‘आचार्य’ शब्दाचा तो सख्खा नसला तरी चुलतभाऊ खास. इंग्लंडांत तर शस्त्रवैद्य स्वतःस ‘मिस्टर’ म्हणवून घेण्यांतच भूषण मानतात. तेव्हां हें पद एकाच चिकित्सापद्धतीची वडिलोपार्जित इस्टेट आहे, हें म्हणणें इतिहासास धरून नाहीं. कायद्याचें म्हणाल, तर १९१६ सालच्या वैद्यकीय पदव्यांच्या कायद्यानें पाश्चात्य वैद्यकाच्या खोट्या पदव्या देणारांस व मिरविणारांस दंड सांगितला; परंतु आयुर्वेद, युनानी व होमिओपाथी हीं पाश्चात्य वैद्यकांत मोडत नाहींत, असें त्याच कायद्याच्या व्याख्येंत स्पष्ट लिहिलें. मुंबई इलाख्यानें १९३८ सालीं वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा केला, महाराष्ट्रानें १९६१ सालीं दुसरा केला, आणि १९७० सालच्या मध्यवर्ती कायद्यानें नोंदलेल्या वैद्यास धंदा करण्याचा, आजारीपणाचा दाखला देण्याचा व आपल्या विषयापुरती कोर्टांत तज्ज्ञ म्हणून साक्ष देण्याचा हक्क दिला. २०२० सालीं त्याच्या जागीं नवा कायदा आला. साडेचार वर्षें अभ्यास व एक वर्ष रुग्णालयांत उमेदवारी करून जो उतरला, त्यास सरसकट भोंदू म्हणणें हा शुद्ध अन्याय होय.

इतकें वैद्यमंडळींच्या बाजूनें बोलल्यावर पुढचें बोलण्याचा अधिकार आम्हांस आला असें समजतों. पद कोणतें, हा प्रश्न नव्हेच. त्या पदाच्या आडून औषध कोणतें दिलें जातें, हा प्रश्न आहे. १९९२ सालीं मुंबईंत एका होमिओपाथानें तापाच्या रोग्यास पाश्चात्य औषधें दिलीं व रोगी दगावला. त्याच्या पत्नीनें थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. ज्या पद्धतीचें ज्ञान नाहीं तिची औषधें देणारा तो भोंदूच, असें १९९६ सालीं न्यायालयानें ठरविलें व तीन लाख रुपये भरपाई देवविली. पुढें १९९८ सालीं वैद्यांच्याच प्रकरणांत त्याच न्यायालयानें सांगितलें कीं, राज्याच्या कायद्यानें मुभा दिली असेल तेथेंच वैद्यास आधुनिक औषधें लिहून देतां येतील. महाराष्ट्रांत कांहीं वर्गांस अशी मुभा आहे. पण ती कोणास आहे व कोणास नाहीं, हें दवाखान्याच्या बांकावर पोर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईनें ओळखावें कसें? पाटीवर ‘डॉ.’ हें अक्षर हातभर आणि पदवीचीं अक्षरें मुंगीएवढीं!

आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही विचारतों: शेंगदाण्याच्या तेलाचा डबा म्हणून सरकीचें तेल विकलें तर आपण त्या दुकानदारास काय म्हणाल? सरकीचें तेल वाईट नाहीं; तें सरकीचें आहे एवढें डब्यावर लिहावें, इतकेंच मागणें.

दोष एकट्या वैद्यांचा नाहीं. सुई टोचल्यावांचून गुण येत नाहीं, असा हट्ट धरणारे आम्हीच. नाडी पाहून पथ्य सांगणारा वैद्य आम्हांस जुनाट वाटतो, म्हणून तो बिचारा गळ्यांत नळी अडकवून ‘डॉक्टर’ होतो. खेडोपाडीं तर रात्रीं दार उघडणारा तोच एकटा असतो, हेंही विसरतां कामा नये. सरकारची तऱ्हा याहून निराळी. दुसरे मिळत नाहींत म्हणून आयुर्वेदीय पदवीधरांस सरकारी दवाखान्यांत नेमावयाचें. आणि समान वेतनाचा प्रश्न निघाला म्हणजे दोघांचें काम सारखें नाहीं, असें म्हणावयाचें. गुजराथच्या प्रकरणांत २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही हा भेद मान्य केला. पगाराच्या दिवशीं जो भेद दिसतो, तो रोग्याच्या दृष्टीस कां पडूं नये?

‘वैद्य’ हें पद काय कमी प्रतिष्ठेचें आहे? पुण्यास १९३३ पासून टिळकांच्या नांवानें आयुर्वेदाचें महाविद्यालय चाललें आहे. तेथील स्नातकास स्वतःस वैद्य म्हणविण्याची लाज वाटावी, याचें आम्हांस नवल वाटतें. तथापि ज्यास ‘डॉक्टर’च म्हणवून घ्यावयाचें असेल त्यानें खुशाल घ्यावें. आमची मागणी एवढीच कीं, दारावरच्या पाटीवर व औषधाच्या चिठ्ठीवर चिकित्सापद्धति, पदवी व नोंदणीचा क्रमांक हीं नांवाइतक्याच मोठ्या मराठी अक्षरांत असावींत, आणि हा नियम ॲलोपाथ, होमिओपाथ, हकीम सर्वांस सारखा लागावा. दुकानांच्या पाट्यांवरचीं मराठी अक्षरें इतर लिपीहून लहान नसावींत, असा कायदा महाराष्ट्रांत २०२२ सालीं झालाच आहे. कापडाच्या दुकानापुढें जाऊन ज्यांस अक्षरांचें माप घेतां येतें, त्या अंमलदारांस दवाखान्यापुढें तीच पट्टी घेऊन जाण्यास काय अडचण आहे?