तुळशीच्या लग्नाआधीची परीक्षा

पुण्याच्या नवी पेठेतल्या त्या अभ्यासिकेत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन फुटांचं टेबल येतं. समोर प्लायवूडचा आडोसा, त्यावर टाचण्यांनी लावलेले नकाशे आणि कलमांच्या याद्या, डोक्यावर ट्यूब, पायाशी पाण्याची बाटली. एका कोपऱ्यातल्या टेबलावर आडोशाला २०२४ चं कालनिर्णय लटकत होतं. त्यावर लाल पेनाने केलेले चार गोल. एप्रिलच्या २८ तारखेला एक, जुलैत एक, ऑगस्टच्या २५ ला एक आणि डिसेंबरच्या १ तारखेला एक. पहिल्या तिन्ही गोलांवर काट मारलेली. नोव्हेंबरच्या पानावर, तुलसी विवाहारंभाच्या चौकटीखाली, निळ्या पेनाने एक बारीक रेघ.

टेबल ज्या मुलीचं होतं ती गेवराई तालुक्यातली. बीएस्सी झालेली. "बाबांनी दोन वर्षं दिली होती, मॅडम," ती म्हणाली. "यंदा तुळशीचं लग्न लागलं की स्थळं बघायची असं घरी ठरलंय. परीक्षा आधी झाली असती तर निकाल दाखवून अजून थोडं थांबा म्हणता आलं असतं."

हे बोलणं ऑक्टोबर २०२४ मधलं. तेव्हापासून ती निळी रेघ माझ्या डोक्यातून जात नाही.

लाल गोलांची हकीकत बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा २८ एप्रिल २०२४ ला होणार होती. मधल्या काळात मराठा आरक्षणाचा नवा कायदा आला, जागांचं गणित पुन्हा मांडावं लागलं आणि तारीख गेली. मग जुलै ठरला, तोही गेला. मग २५ ऑगस्ट. त्याच दिवशी आयबीपीएसची बँक क्लार्कची परीक्षा होती आणि दोन्हींचे अर्ज भरलेली हजारो मुलं होती. पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले, कृषी सेवेच्या जागाही याच परीक्षेत घ्या म्हणाले, आणि परीक्षा पुन्हा पुढे गेली ती थेट १ डिसेंबरला. त्या मुलांची मागणी रास्त होती. एकाच सकाळी दोन केंद्रांवर कुणालाच बसता येत नाही. पण रस्त्यावर घोषणा चालू होत्या तेव्हा ही मुलगी वर टेबलाशी बसून महिने मोजत होती. ऑगस्टमध्ये परीक्षा झाली असती तर तिच्या हातात काही तरी असतं.

उशीर सगळ्यांना सारखा पडत नाही, हे मला आज सांगायचं आहे. परीक्षा चार महिने पुढे गेली की बागायतदाराच्या मुलाचे चार महिने जातात. ज्याचे वडील शिक्षक आहेत त्याला आणखी चार महिन्यांचे पैसे घरून येतात. कोरडवाहू कापसावर चालणाऱ्या घरातल्या मुलीची अख्खी संधीच जाते, कारण तिला मिळालेली मुदत घरातल्या माणसांनी घातलेली असते आणि ती परीक्षेबरोबर पुढे सरकत नाही. आयोगाच्या प्रसिद्धिपत्रकात एक ओळ असते: सुधारित दिनांक यथावकाश जाहीर करण्यात येईल. त्या 'यथावकाश'ची किंमत कोण भरतं हे त्यात लिहिलेलं नसतं.

आपल्याकडे या मुलांबद्दल बोलण्याची एक ठरलेली रीत आहे. सरकारी नोकरीचं वेड लागलंय, बापाच्या जिवावर पेठेत राहतात, धंदा करायला लाज वाटते. कीर्तनात हेच ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत हेच आणि पुढाऱ्यांच्या भाषणातही हेच. माझं मत याच्या अगदी उलट आहे. या मुलांना हिशेब चांगला येतो. तलाठ्याची वेतनश्रेणी सुरू होते २५,५०० रुपये मूळ पगारावर, पोलीस शिपायाची २१,७०० वर. वर महागाई भत्ता, घरभाडं, आजारपणाची सोय, आणि उद्या सकाळी गेटवरून परत पाठवलं जाणार नाही याची खात्री. समोर काय आहे? या मुलीने गावाकडे एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत वर्षभर शिकवलं. महिन्याला पाच हजार, तेही मे महिना सोडून.

तिचा धाकटा भाऊ आयटीआय करून चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलेला. हातात चौदा हजार. सात महिने झाले की 'ब्रेक' मिळतो. हा शब्द चाकण-रांजणगावच्या चहाच्या टपरीवर दिवसभर कानावर पडतो. कामगाराची सलग हजेरी २४० दिवसांपर्यंत पोचली की कायम होण्याचा हक्क उभा राहू शकतो, म्हणून ती पोचण्याआधीच त्याला घरी बसवायचं, आणि महिनाभराने दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, नव्या गेटपासवर, त्याच मशीनवर परत घ्यायचं. या चौदा हजारांतले चार हजार तो दर महिन्याला बहिणीला पाठवतो. त्याचा ब्रेक लागला की हिची मेस बंद होते आणि ती कॉटवर बसून पोहे खाऊन दिवस काढते. एका घरातली ही दोन मुलं. एकाला कंपनी कायम करत नाही म्हणून दुसरी कायम नोकरीच्या मागे लागली आहे, आणि तिचा खर्च त्याच हंगामी पगारातून चाललाय. याला वेड म्हणवत नाही. घरातल्या दोघांपैकी एक तरी पक्क्या जमिनीवर उभं राहावं, यासाठी केलेली ही तजवीज आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या भारतीय रोजगार अहवालातला एक आकडा मी वारंवार काढून बघते. २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारीचं प्रमाण ३.४ टक्के होतं आणि पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. शिक्षण फुकट गेलं, असा याचा अर्थ काढला जातो. मला त्यात आणखी काही दिसतं. निरक्षर गरीब माणूस बेकार राहूच शकत नाही. तो सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो आणि मिळेल ते करतो. बेकार राहायला घरात कुणाचा तरी पगार लागतो, विकायला जमिनीचा तुकडा लागतो, किंवा चाकणचा भाऊ लागतो. शिकलेल्या मुलांची बेकारी म्हणजे अख्ख्या घराने मिळून पोसलेली वाट पाहणं. आणि सरकार तारीख पुढे ढकलतं तेव्हा त्या घराच्या खर्चात भर घालत असतं.

आकड्यांनी आता नवल वाटेनासं झालंय, तरी दोन सांगते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून जास्त उमेदवार होते. शुल्क खुल्या गटाला १,००० रुपये, राखीव गटाला ९००. म्हणजे नव्वद कोटींच्या वर रक्कम अशा मुलांकडून गोळा झाली ज्यांच्याकडे नोकरी नव्हती. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांच्या वर अर्ज आले आणि मैदानी चाचणी ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, जूनमध्ये सुरू झाली. १६०० मीटर धावायला राज्यभरातून आलेली मुलं स्टँडवर, पुलाखाली, मिळेल तिथे झोपली.

आणि जे वाट बघून थकतात त्यांचं काय होतं? मुलांच्या बाबतीत लग्न थांबतं. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुणांनी बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. राज्यभर लोकांनी तो करमणूक म्हणून बघितला. मला तो बघवला नाही. पस्तिशीतला शेतकऱ्याचा मुलगा वरातीच्या घोड्यावर बसून सरकारकडे बायको मागतो, ही हसण्याची गोष्ट नाही. मुलींच्या बाबतीत उलटं होतं. मुलाला नोकरी नाही म्हणून लग्न होत नाही आणि मुलीला नोकरी लागायच्या आत लग्न होतं. दोघांचीही मुदत त्याच एका जाहिरातीला बांधलेली.

भरतीचं वेळापत्रक हे रोजगाराचंच धोरण आहे असं आपण मानत नाही. ते परीक्षा विभागाचं कारकुनी काम समजलं जातं. २०२० साली ५ एप्रिलला होणारी राज्यसेवा पूर्वपरीक्षा ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली. सुरुवातीला टाळेबंदी होती हे मान्य. पण मार्चमधली शेवटची ढकलाढकल परीक्षेच्या तीन दिवस आधी झाली, मुलं गावाहून पुण्यात येऊन बसलेली असताना. त्याच वर्षी जूनच्या शेवटी पुण्यात एका तरुणाने जीव दिला. पूर्व आणि मुख्य परीक्षा तो पास झाला होता. मुलाखतीची वाट बघत होता. त्या वेळी आयोगावरच्या सदस्यांच्याच जागा रिकाम्या होत्या. मुलाखती घ्यायला माणसं नव्हती. त्या नेमणुकांसाठी कुणाला पूर्वपरीक्षा द्यायची नव्हती, मैदानावर धावायचं नव्हतं. एक फाइल हलवायची होती. ती वेळेत हलली नाही, आणि जबाबदार म्हणून एकाही माणसाचं नाव आजवर आपल्याला कळलेलं नाही.

पगाराअभावी आणि जागांअभावी तरुण पेटून उठतात हे शेजारच्या बांगलादेशात जगाने पाहिलं. २०२४ च्या जुलैत तिथलं आंदोलन सुरू झालं ते सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव कोट्यावरून, आणि ऑगस्टच्या ५ तारखेला शेख हसीना देश सोडून गेल्या. तिथेही कापडाच्या कारखान्यांनी लाखो हातांना काम दिलं, पण पदवी घेतलेल्यांना हवीशी वाटेल अशी नोकरी फारशी तयार केली नाही. आमची मुलं पेटत नाहीत. ती परत अभ्यासिकेत जाऊन बसतात. त्यांच्या या सहनशीलतेवर आपलं प्रशासन फार वर्षं निवांत बसलेलं आहे.

मागणी काय करावी, तर मला उत्तर बाहेर शोधावंसं वाटत नाही. ते याच महाराष्ट्राने दिलेलं आहे. १९७२ च्या दुष्काळातून वर येताना वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या कायद्यात एक मोठी गोष्ट होती: मजुराने काम मागितल्यापासून १५ दिवसांत ते द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता अगदी तुटपुंजा होता आणि तो मिळवताना मजुरांची दमछाक व्हायची, हे खरं. पण सरकारच्या उशिराला किंमत असते आणि ती सरकारने मोजायची असते, हे तत्त्व खडी फोडणाऱ्या बाईसाठी आपण पन्नासेक वर्षांपूर्वी कागदावर आणलं. तेच तत्त्व भरतीला लावा. जाहिरातीत दिलेली तारीख चुकली तर शुल्क आपोआप परत. वय मोजायचं ते पहिल्या जाहीर तारखेला, कारण फौजदाराच्या परीक्षेला खुल्या गटाची मर्यादा ३१ आहे आणि जाहिरात वर्षभर लांबली की एक अख्खी तुकडी परीक्षा न देताच बाद होते. आज वयात सवलत हवी असेल तर मोर्चा काढावा लागतो, निवेदनं द्यावी लागतात, मग कधी तरी शासन निर्णय निघतो. आणि तारीख का चुकली, कुणामुळे चुकली, हे विधिमंडळापुढे लेखी यावं.

याने जागा वाढणार नाहीत, हे मला कळतं. जागा वाढवायच्या तर चाकणच्या गेटवरचा 'ब्रेक' आधी थांबवावा लागेल. २४० दिवसांच्या नियमाची इतकी उघड चोरी चालू असताना मुलांना खासगी नोकरीची गोडी लावायला निघणं म्हणजे त्यांची फसवणूक आहे. २०२४ मध्ये राज्याने पदवीधरांना महिना १०,००० रुपयांवर सहा महिन्यांचं कार्यप्रशिक्षण दिलं, पुढे मुदत वाढवली. मुदत संपल्यावर तीच मुलं कायम करा म्हणून आंदोलनाला बसली. म्हणजे सरकारनेही त्यांना ब्रेकच दिला. ठेकेदाराला जाब विचारायचा तर आधी आपला हात स्वच्छ हवा.

दिवाळीला ती मुलगी घरी गेली. नोव्हेंबरच्या शेवटी तिचा मेसेज आला. परीक्षा बीडच्या केंद्रावरून देणार आहे, पुण्याला यायचं आता जमणार नाही. फलटणजवळचं स्थळ आहे, मुलगा चांगला आहे, पुढे अभ्यास करू देतील असं म्हणतात. एक काम होतं: अभ्यासिकेत पाचशे रुपये डिपॉझिट भरलेलं, ते घेऊन तिच्या रूममेटकडे द्याल का, मेसचं देणं राहिलंय.

मी गेले तेव्हा टेबल रिकामं होतं. आडोशावर टाचण्यांची भोकं तेवढी राहिली होती. मालकांनी ड्रॉवरमधून लांबट वही काढली, पानं उलटत तिचं नाव शोधलं, समोरची तारीख बघितली. पाचशेची नोट काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "इथे सही करा, मॅडम. मुलांचे पैसे आहेत."