गाडी घेताना हेही विचारा

गेल्या महिन्यात इथे अमेरिकेत मुलीसाठी जुनी गाडी घ्यायला गेलो. भाव ठरला, कर्जाचा अर्ज भरायचा होता. सेल्समन म्हणाला, ‘लायसन्स आणि पगाराच्या स्लिपचा फोटो माझ्या मोबाइलवर टाका, लगेच काम होईल.’ मी थबकलो. बँकेतल्या माणसाच्या खासगी फोनवर आपण असे कागद पाठवू का? मग शोरूममध्ये का पाठवायचे?

जून २०२४ मध्ये सीडीके ग्लोबल या सॉफ्टवेअर कंपनीवर सायबर हल्ला झाला. तिच्यावर अवलंबून असलेल्या उत्तर अमेरिकेतल्या सुमारे १५ हजार डीलरांना त्याची झळ बसली. कित्येकांना कागद-पेन घेऊन सौदे लिहावे लागले.

पण चोराला दरवेळी एवढी मोठी कंपनी फोडावी लागत नाही. मालकाच्या नावाने आलेल्या खोट्या ईमेलवर एका कर्मचाऱ्याने क्लिक केलं, की पुरतं.

कर्जाची सोय करणाऱ्या डीलरांनी ग्राहकांची माहिती एन्क्रिप्ट करावी, लॉगिनला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी ठेवावी, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं, असे फेडरल ट्रेड कमिशनचे नियम जून २०२३ पासून लागू आहेत. पण नियम कागदावर राहतो आणि आपला फोटो सेल्समनच्या फोनमध्ये!

मी सुरक्षित पोर्टलचा आग्रह धरला. अर्धा तास जास्त गेला, एवढंच. मायलेज आपण दहादा विचारतो. ‘माझे कागद कुठे ठेवता, कोण बघतं?’ हेही एकदा विचारायला काय हरकत आहे?