उन्हाळ्यात टायरमध्ये नायट्रोजन की साधी हवा? दोन पॉइंट कमी ठेवावेत का?

यवतमाळ : मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला, की टायरवाल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक, नायट्रोजन भरा, टायर फुटणार नाही. दुसरा, साधी हवा भरायची तर दोन पॉइंट कमी ठेवा, उन्हाने ती आपोआप वाढेल. पहिल्या सल्ल्याने फार तर पैसे जातात. दुसरा मात्र धोकादायक आहे.

स्वीडनसारख्या देशांत ऋतूप्रमाणे टायरच बदलतात. तिथे १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर बंधनकारक असतात. खिळ्यांचे घ्यायचे की थंडीतही मऊ राहणाऱ्या रबराचे, हा तिथला वाद. आपल्याकडे बाराही महिने तोच टायर चालतो. हातात उरते ती फक्त हवा.

नायट्रोजनने काय होते?

साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तापल्यावर दोन्हींचा दाब जवळजवळ सारखाच वाढतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि टायरमधून थोडा सावकाश झिरपतो, एवढाच त्याचा फायदा. विमानांच्या टायरमध्ये तो भरतात, कारण तिथे आगीचा आणि ओलावा गोठण्याचा प्रश्न असतो. यवतमाळहून धामणगावमार्गे समृद्धीवर जाणाऱ्या कारला तो प्रश्न नाही. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये गरजेला साधी हवा भरली तरी काही बिघडत नाही.

मग टायर फुटतो कशाने?

सकाळी २८ अंशांत ३२ पीएसआय हवा भरलेला टायर धावून ७० अंशांपर्यंत तापला, तर दाब ३८ च्या आसपास जातो. टायर बनवणाऱ्यांनी ही वाढ गृहीत धरलेली असते. कारच्या टायरवर कमाल दाब बऱ्याचदा ४४ किंवा ५१ पीएसआय लिहिलेला असतो, तोही थंड टायरचा.

खरा शत्रू कमी हवा. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या कारचे चाक सेकंदाला साधारण १५ फेऱ्या घेते. तार सारखी वाकवली की गरम होऊन तुटते, तसेच इथे होते. आतल्या तारांचे आणि रबराचे थर सुटू लागतात. त्यात चार जण, डिकीत सामान आणि समृद्धीवरची १२० ची वेगमर्यादा. म्हणजे ‘उन्हाळा आहे म्हणून कमी’ ठेवलेली हवाच टायर जास्त तापवते.

अर्थात, प्रत्येक अपघात टायरच्या माथी मारणेही बरोबर नाही. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूर-पुणे खासगी बस पेटून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते. अमरावती आरटीओच्या अहवालात मात्र तसा पुरावा आढळला नाही.

किती हवा, कधी मोजायची?

चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर आकडा असतो. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी तो वेगळा दिलेला असतो, तो पाहावा. मोजायची सकाळी, गाडी निघण्यापूर्वी. वाटेत तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये. टायर थंड झाला की ती नेमकी कमी पडते. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते.

टायर जुना असेल तर नुसती हवा पाहून भागत नाही. कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली असेल तर तो नियमाने बाद ठरतो. नक्षी चांगली, पण बाजूला भेगा, असे कमी चालणाऱ्या गाड्यांचे होते. बाजूवरच्या लांब कोडमधील शेवटचे चार आकडे वय सांगतात : २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. स्टेपनीवरचा आकडाही पाहून घ्यावा. बऱ्याच गाड्यांत तीच सगळ्यात म्हातारी असते, आणि तिच्यात हवा आहे की नाही, हे ती लावायची वेळ आल्यावरच कळते.