मागाचा जॉबर आणि विद्यापीठाचा प्रोग्रॅमर

मानकोलीच्या परिसरात वाढलेल्या कोणालाही यंत्रमागाचा खडखडाट समजावून सांगावा लागत नाही. मीटरवर मजुरी घेणारा विणकर कापड काढतो. पण माग अडला की हाक जाते ती जॉबरला. जॉबर एक मीटरही कापड विणत नाही. तरीही तो नसेल तर शेड बंद पडेल, हे शेठपासून कांडीवाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक असते. म्हणून शेडमध्ये त्याचे काम ठरलेले असते आणि त्याचा मानही. विद्यापीठांतील विज्ञानाच्या शेडमध्ये मात्र असा एक जॉबर आहे, की ज्याची जागा अजून ठरायची आहे. तो म्हणजे संशोधनासाठी संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारा प्रोग्रॅमर.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. माझ्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. कष्ट कोणाचे आणि नाव कोणाचे, हा प्रश्न आमच्यासारख्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो विज्ञानाच्या मंदिरातही असावा, याचे मला नवल वाटते.

हे काम किती मोलाचे आहे ते पाहा. पुण्याच्या आयुका या संस्थेत संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभापासून गुरुत्वीय लहरी ओळखण्याच्या पद्धतीवर काम केले. लहर कशी दिसेल याचे नमुने आधी गणिताने तयार करायचे आणि उपकरणाच्या गोंगाटाशी ते एकेक ताडून पाहायचे, अशी ही रीत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांत अशी लहर प्रथमच टिपली गेली. नोंदीत ती दिसली जेमतेम एक पंचमांश सेकंद! ती खरोखरच लहर आहे, नुसता गोंगाट नव्हे, याची खात्री पटवली ती आज्ञावल्यांनी. दुर्बीण जितकी खगोलशास्त्राची, तितकीच आज आज्ञावलीही त्याची आहे.

आणि ती चुकली तर? अमेरिकेतील जेफ्री चँग या शास्त्रज्ञाने प्रथिनांच्या रचनेवर नावाजलेले शोधनिबंध लिहिले होते. प्रयोगशाळेत वापरात असलेल्या एका आज्ञावलीत आकड्यांच्या दोन रकान्यांची अदलाबदल होत होती. २००६ साली ते उघडकीस आले आणि पाच निबंध मागे घ्यावे लागले. एवढ्याशा चुकीने वर्षांची मेहनत पाण्यात गेली! अशी आज्ञावली तपासणे हे ज्याचे नेमून दिलेले काम आहे, असा माणूस प्रयोगशाळेत असायला नको काय?

नावाचे म्हणाल तर १९५५ सालचा एक अहवाल पाहावा. फर्मी, पास्ता आणि उलम यांनी लॉस अ‍ॅलामॉस येथे संगणकावर एक प्रसिद्ध प्रयोग केला. त्यासाठी यंत्राला आज्ञा लिहून देणारी होती मेरी त्सिंगू. अहवालात ‘काम करणारे’ म्हणून चार नावे आहेत, ‘लिहिणारे’ म्हणून तीनच. पुढे अर्धशतक तो प्रश्न तिघांच्याच नावाने ओळखला गेला. चौथे नावही जोडावे, अशी सूचना व्हायला २००८ साल उजाडले.

काही प्राध्यापक म्हणतील, हा तर तंत्रज्ञ, संशोधक कसा? परंतु कोणता आकडा ठेवावा, कोणता गोंगाट म्हणून टाकावा, किती अचूकता पुरे मानावी, हे ठरवणे म्हणजे संशोधन नव्हे तर काय? आज पुष्कळ ठिकाणी हे काम पीएच.डी.चा विद्यार्थी जमेल तसे करतो, किंवा प्रकल्पापुरता नेमलेला माणूस करतो. प्रकल्प संपला की माणूस जातो, आणि त्याची आज्ञावली कपाटातील जुन्या बाडासारखी कोणालाच वाचता येत नाही. मग कंपनीच्या दुप्पट पगाराकडे तो वळला तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

इंग्लंडमध्ये २०१२ साली या मंडळींनी एकत्र येऊन आपल्या कामाला ‘संशोधन सॉफ्टवेअर अभियंता’ असे नाव दिले. नाव मिळाले, मग संघटना झाली, विद्यापीठांतून पदेही निर्माण होऊ लागली. आपल्याकडेही विद्यापीठांनी अशी कायम पदे काढावीत, बढतीची वाट ठरवावी आणि शोधनिबंधावर त्यांचे नाव छापावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मित्रमैत्रिणींनो, हा प्रश्न केवळ विज्ञान शाखेचा नाही. उद्या मोडी कागदपत्रे संगणकाला वाचायला शिकवायची, बोलीभाषांचे कोश करायचे, तर मराठी जाणणारा आज्ञावलीकार आपल्यालाच लागणार आहे. तो आपल्यातूनही निघू शकेल. पण त्या वाटेने जाणाऱ्याला पुढे भाकरी आणि नाव दोन्ही दिसले पाहिजेत. त्यागाच्या गोष्टी सांगून पहिल्या पिढीची मुले तिकडे वळणार नाहीत. त्यांच्या घरी त्याग पुष्कळ झाला आहे.